आईची फाईल

"पुरेशी मेमरी नाही म्हणतंय," रावजी म्हणाला आणि स्टुलावर मागे सरकला. "अख्खा एक जीबी घातलाय आत. तरी म्हणतं, विंडोज सुरू करायला मेमरी कमी पडते. आता याला अजून काय खायला घालू?"

यादवनं पडद्यावरच्या दोन ओळी वाचल्या. सकाळपासून तिसऱ्यांदा त्याच दोन ओळी. पंचवटीतल्या त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत, दिवाणावर जुनी चादर अंथरून कॉम्प्युटर मांडला होता. मांडला म्हणजे उघडाच. बोर्ड एका बाजूला, डिस्क दुसऱ्या बाजूला, वायरी सगळीकडे. कॅबिनेट भिंतीला टेकवून ठेवलं होतं. जे चालेल की नाही याची खात्री नाही, त्याला आधीच घर करून देऊ नये, असं रावजीचं म्हणणं.

रावजीनं आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. कुठल्या वर्गात जाऊन शिकला नाही. वस्तू उघडायची, नाक आत घालायचं, कुठून जळल्याचा वास येतोय ते पाहायचं, ही त्याची विद्या. पण आज वास कशाचाच येत नव्हता. सगळं नवंकोरं होतं, आणि तीच अडचण होती.

"यादवा, सोडून दे. बोर्डाच्या खोक्यावर स्वच्छ छापलंय, ही विंडोज याच्यावर चालणार नाही. खुद्द कंपनीनंही मागच्या वर्षी या अठ्ठ्याण्णवच्या विंडोजवरनं हात काढून घेतला. आणि आपण दोन हजार सातच्या बोर्डावर तीच चढवतोय."

"मग जुना बोर्ड बघ."

"दोन बघितले ना. दोन्हींचे कपॅसिटर फुगून पुऱ्या झालेत."

हट्ट करणारा माणूस नव्हताच यादव. पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यानं फारसं काही मागून घेतलं नव्हतं. एका छापखान्यात डीटीपी ऑपरेटर म्हणून लागला, मध्ये सात-आठ वर्षं याच खोलीत स्वतःचं काम केलं, आणि घरचा कॉम्प्युटर जळाल्यावर पुन्हा त्याच छापखान्यात जाऊन बसला. लग्नपत्रिका, जावळाची निमंत्रणं, दुकानांची बिलबुकं. आणि सगळ्यात जास्त, प्रथम पुण्यस्मरणाची पत्रकं.

नाशिकच्या आसपास माणूस गेलं की वर्षानं पत्रक निघतं. वर फोटो, खाली नाव, त्याखाली दहा ओळींचा जीवनपट, आणि तळाला शोकाकुल मंडळींची यादी, जी जीवनपटापेक्षा नेहमी मोठी असते. त्या दहा ओळी यादव झोपेतही टाईप करू शकला असता. अत्यंत कष्टाळू, मनमिळाऊ, धर्मपरायण. पिंपळगावची म्हातारी असो की दिंडोरीची, द्राक्षबागेत राबलेली असो की कधी उंबरा न ओलांडलेली, सगळ्या कष्टाळू, मनमिळाऊ, धर्मपरायण. गिऱ्हाईक खूश, छापखाना खूश.

येत्या कार्तिकात यादवच्या आईला, गोजराबाईला, जाऊन वर्ष होणार होतं. मखमलाबादला मळ्यात राहणारा धाकटा भाऊ भिकन म्हणाला होता, "दादा, पत्रकाचं तू बघ. तुझं तर रोजचंच काम हाय. नेहमीचं छापून टाक."

नेहमीचं छापायला यादवचा हात उठेना.

कारण आईचं खरं आयुष्य त्याच्याकडे होतं. अकरा पानं. तिच्याच तोंडचं.

ते असं झालं होतं. नव्व्याण्णव साली त्यानं मराठी टाईप करण्याचा नवा प्रोग्रॅम घेतला. त्याचा कीबोर्ड वेगळा, बोटांना सवय नव्हती. दिवस पितृपंधरवड्याचे. त्या दिवसांत पत्रिका कोणी छापत नाही आणि फुलांनाही उठाव नसतो, त्यामुळे माय-लेक दोघंही रिकामे. आई फुलबाजारातून सकाळी दहाच्या सुमाराला त्याच्याकडे यायची, चहा प्यायची आणि मखमलाबादच्या रिक्षाची वाट बघत बसायची. यादव म्हणाला, "आई, तू काहीतरी बोल. मी टाईप करतो. तेवढाच हात बसेल."

"काय बोलू?"

"तुझंच सांग. लग्न झाल्यापासून."

"माझं काय सांगायचं?" आई हसली होती. "फुलं तोडली, फुलं इकली. याच्यात लिवायचं काय?"

पण बोलायला लागली. पाच सकाळी बोलत राहिली. ती बोलायची आणि यादवची बोटं चालायची. सहाव्या दिवशी तिच्या फुलांना भाव आला, त्याला काम आलं, आणि ते तिथंच थांबलं. फाईलला त्यानं 'आई' असं इंग्रजी तीन अक्षरांचं नाव दिलं. छापू कधीतरी, म्हणत छापलीच नाही.

आता ती फाईल जुन्या डिस्कमध्ये होती. डिस्क छायानं, त्याच्या बायकोनं, पातळांच्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. छापखान्यातल्या नव्या कॉम्प्युटरवर ती लावून पाहिली तर फाईल दिसली, पण आत नुसती चित्रविचित्र चिन्हं. तो प्रोग्रॅम जुन्या विंडोजखेरीज चालत नव्हता, आणि बनवणाऱ्यांनी ते व्हर्जन केव्हाच बंद केलं होतं.

आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट यादवनं रावजीलाही सांगितली नव्हती. आईनं त्या पाच दिवसांत काय सांगितलं, ते त्याला आठवत नव्हतं. ऑपरेटरची बोटं वाचतात, डोकं वाचत नाही. मजकूर कळायला लागला की चुका वाढतात, असं त्याच्या पहिल्या मालकानं शिकवलं होतं, आणि यादवनं ते इमानदारीनं पाळलं होतं. आई शेजारी बसून जन्माची गोष्ट सांगत होती आणि हा पडद्याकडे बघून जोडाक्षरं शोधत होता. पाच दिवसांत त्यानं मान वळवून तिच्याकडे कितीदा पाहिलं असेल, देव जाणे.

"थांब जरा," रावजी एकाएकी म्हणाला. त्यानं बोर्डवरची मेमरीची पट्टी उपटली, पिशवीत हात घालून दुसरी, कमी क्षमतेची पट्टी काढली आणि बसवली. "याला कमी नाही पडत. जास्त होतेय. याच्या काळात एवढी मेमरी कोणाकडं होती? एकदम एवढं पुढ्यात आलं की हे बावचळतं आणि नाही म्हणतं."

पडदा काळा झाला. मग एक निळं आभाळ आलं आणि त्यावर पांढरे ढग.

छाया स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "आलं?"

"आलं," यादव म्हणाला.

अजून बरंच व्हायचं होतं. पडद्यावर सोळाच रंग दिसत होते आणि अक्षरं विटेएवढी. पण रावजीला आता चेव आला होता. जपून ठेवलेल्या चार फ्लॉप्यांवरून प्रोग्रॅम चढला. राहिलं ते लॉक. काडेपेटीएवढा प्लास्टिकचा ठोकळा, प्रिंटरच्या जागी मागे खोचायचा. तो असल्याशिवाय प्रोग्रॅम उघडत नसे.

रावजीनं लॉक उजेडात धरलं. "हे काय रे? कुंकू? पिनांत गेलंय पार."

यादवला हसू आलं. प्रोग्रॅम घेतला त्याच साली खंडेनवमीला आई झेंडूची पाटी घेऊन आली होती. मळ्यातल्या विळ्याची, तागडीची पूजा करून आलेली. म्हणाली, "तुझ्या ह्या मशिनीचीबी करते. याच्यात काम करणारं कुठलं रं?" यादवनं गमतीनं लॉक दाखवलं. हे नसेल तर सगळं बंद. तिनं त्याच ठोकळ्याला हळद-कुंकू वाहिलं, अंगठा दाबून. पुढं दर वर्षी तिथंच.

"थिनरनं पुसून काढतो," रावजी म्हणाला.

"पिनांतलं काढ. वरचं राहू दे."

रावजीनं त्याच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता फक्त पिना साफ केल्या.

प्रोग्रॅम उघडला. रावजीनं मशीन बंद करून जुनी डिस्क जोडली, पुन्हा सुरू केलं. यादीत तीन अक्षरं दिसली. यादवनं माऊसवरचा हात काढून एकदा पँटला पुसला, आणि फाईल उघडली.

वर मोठ्या अक्षरात नाव होतं, कै. भागीबाई. त्याखाली, विंचूर, ता. निफाड. प्रथम पुण्यस्मरण.

"दुसरी उघडली वाटतं," रावजी म्हणाला.

यादवनं बंद केली. पुन्हा उघडली. तेच. तो खाली सरकत गेला. अकरा पानं नव्हती. दीड होतं.

छाया मागून वाचत होती. "पहाटे तीनला उठून त्या कांदा तोडायच्या," तिनं मोठ्यानं वाचलं, आणि थबकली. "अहो, कांदा कोणी तोडतं का? कांदा उपटतात. तोडतात फुलं."

यादवला काय झालं ते तेव्हा समजलं. तो दिवस त्याला आठवला नाही, पण हाताची सवय आठवली. डीटीपीवाला कधी कोऱ्या पानावर सुरुवात करत नाही. मागचं काम उघडायचं, नाव बदलायचं, गाव बदलायचं, फोटो बदलायचा. पत्रकावर साल दोन हजार एक होतं आणि तळाच्या यादीत पहिलं नाव पुंजाचं; हा पुंजा नावाचा शेतकरी तेव्हा विंचूरहून आला असणार. चार ओळींचा कागद आणला असणार आणि म्हणाला असणार, तुम्हीच काही चांगलं लिहा. यादवकडे चांगलं लिहिलेलं एकच होतं. त्यानं ते उघडलं, 'मी'ची 'त्या' केली, झेंडूच्या जागी एका फटक्यात कांदा टाकला, फुलबाजाराच्या जागी कांदा मार्केट, न जुळणारी पानं काढून टाकली. आणि मग ज्या सवयीनं दिवसातून शंभरदा करायचा, त्या सवयीनं सेव्ह केलं. त्याच नावावर.

"डिलीट झालेलं कधी कधी परत मिळतं," रावजी हळूच म्हणाला. "मी बघतो काही—"

"डिलीट नाही झालं, रावजी," यादव म्हणाला. "मी त्याच्यावरच दुसरं लिहिलं."

रावजीनं पिशवी आवरली, पण उठला नाही. यादव रडला नाही. सहा वर्षांपूर्वी आपण काय केलं हे माणसाला आज कळावं, आणि ते करताना आपण कदाचित शीळही घालत असू.

दीड पान त्यानं दहादा वाचलं. कुठलं वाक्य आईचं आणि कुठलं पुंजाच्या कागदावरचं, काही कळेना. 'सासरी आल्या तेव्हा विहिरीला पाणी नव्हतं' हे कोणाचं? 'कोणाच्या ताटाकडे बघून कधी जेवल्या नाहीत' हे कोणाचं? आणि शेवटी एक वाक्य होतं. 'एकदाच त्या यात्रेतल्या उंच पाळण्यात बसल्या. खाली आल्यावर आधी हसल्या आणि मग रडल्या.'

का रडल्या, ते पुढच्या वाक्यात असणार. पुढचं वाक्य त्यानं कापलं होतं.

रविवारी तो येवल्याच्या एस.टी.नं विंचूरला उतरला. वाटेत एकच बेत मनात होता. पुंजाकडे जुना कागद असेल तर बघायचा. त्यातल्या ओळी दीड पानातून वजा केल्या की उरेल ते आईचं.

घर सापडायला वेळ लागला नाही. मागे कांद्याची चाळ, पुढे पत्र्याची पडवी. पुंजा साठीला आलेला, धिप्पाड, आवाज मात्र मऊ. त्यानं यादवला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर मात्र दोन्ही हात धरले.

"मास्तर! नाशिकचे पत्रकवाले मास्तर! अगं, पाणी आण. आपल्या आईचं ज्यांनी लिवलं ते आलेत."

यादव आत गेला. समोरच्या भिंतीवर भागीबाईंचा फोटो होता. त्याच्या खाली, काचेच्या चौकटीत, ते पत्रक. चौकटीला झेंडूची माळ घातलेली होती.

"दर वर्साला तिच्या तिथीला सून वाचून दावती समद्यांला," पुंजा म्हणाला. "आमची आई, मास्तर, लय गप. कधी बोललीच नाय. आमाला तं वाटायचं, हिच्या आयुष्यात काय झालंच नसंल. तुमचा कागद वाचला अन् पयल्यांदा कळलं, ही बी माणूस व्हती."

यादवनं पाण्याचा पेला हातात धरून ठेवला.

"एक तेवढी चूक हाय त्याच्यात," पुंजाची बायको दारातून म्हणाली. "कांदा तोडत नाय, उपटत्यात."

"आता नाशिकच्या माणसाला काय ठाव कांद्याचं," पुंजा हसला. "आमी म्हणलं, ऱ्हाऊ द्या." मग तो जरा पुढं सरकला. "पर मास्तर, येक इचारू का? तो पाळणा. आई पाळण्यात बसली व्हती, ह्ये तुमाला कोणी सांगितलं? म्या तं नाय सांगितलं. मामाला इचारलं, त्यो म्हणला बसली असंल."

यादव तोंड उघडणार होता. त्यासाठीच तो आला होता. एकच वाक्य होतं सांगायचं. ती माझी आई होती, पुंजाबा.

"तवापून आमच्यात रीत पडलीया," पुंजा म्हणाला. "यात्रेला गेलं की घरातल्या बायांनी येकदा पाळण्यात बसायचं. ही, सुना, लेकी, समद्या. आईच्या नावानं. ही तं आधी लय भ्यायची."

"आता नाय भ्येत," बायको म्हणाली, आणि लाजली.

यादवनं पाणी पिऊन टाकलं. सगळं पिईपर्यंत त्याला वेळ मिळाला.

"तुम्हीच सांगितलं असेल," तो म्हणाला. "दुःखात माणसाला आठवत नाही."

"आसंल," पुंजानं मान हलवली. "पर ती रडली का असंल वो?"

"ते माहीत नाही मला."

निघताना पुंजानं त्याला पाच किलो कांदा दिला, नको नको म्हणत असताना. कागदाचं यादवनं विचारलंच नाही. घरी आल्यावर छायानं पिशवीकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे.

"सांगितलंत?"

"नाही. त्यांचीच झालीय ती आता. काढून कशी घेऊ?"

छायानं कांदे टोपलीत ओतले आणि त्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून आत गेली.

पुढचे आठ दिवस तो छापखान्यातून आल्यावर दिवाणासमोर बसायचा. मशीन अजून उघडंच होतं. रावजी म्हणत होता, कॅबिनेटमध्ये घालू का? यादव म्हणायचा, थांब. त्यानं जन्मात पहिल्यांदा कोरं पान उघडलं. वर टाईप केलं, कै. गोजराबाई धोंडीराम विधाते. पुढे बोटं चालेनात. कष्टाळू लिहिलं, पुसलं. पाळणा लिहिला, पुसला.

मग त्याच्या लक्षात आलं की आईचं एक वाक्य त्याला नक्की आठवतंय. ती पहिल्या दिवशी बोलली ते. तेव्हा त्याची बोटं अजून सुरू झालेली नव्हती, म्हणून कानानं ऐकलं होतं. त्यानं ते टाईप केलं आणि त्याखाली काहीच टाईप केलं नाही.

"एवढंच?" छायानं विचारलं.

"एवढं नक्की तिचं आहे."

पुण्यस्मरणाच्या दिवशी मळ्यात मांडव पडला. महाराजांचं प्रवचन झालं. भिकन पत्रकांचा गठ्ठा घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "दादा, बाकीचं छापायचं राह्यलं का? लोकं इचारत्यात." वर आईचा फोटो, खाली नाव, मग एक ओळ, आणि मग तळापर्यंत पांढरा कागद. शोकाकुल मंडळींची यादीसुद्धा यादवनं घातली नव्हती. दोन-तीन पाहुणे ते उलटून पाठीमागंही बघत होते.

"नाही," यादव म्हणाला. "पूर्ण आहे."

जेवणाच्या पंगती उठल्यावर फुलबाजारातल्या बायका एका कोपऱ्यात बसल्या होत्या. आईच्या शेजारी पाटी मांडून बसणाऱ्या. आता चार-पाचच उरल्या होत्या. त्यांतल्या ठकूबाईनं पत्रक छायापुढं धरलं. "वाच गं बाई. मला काय येतंय?"

छायानं वाचलं. "फुलं तोडली, फुलं इकली. याच्यात लिवायचं काय?"

एकजण फिसकन हसली. "आक्षी गोजराच बोलली."

"बोलली," ठकूबाई म्हणाली. तिनं कागद उताणा करून त्या पांढऱ्या जागेवरून हात फिरवला. "पर बाई, येवढंच काय नव्हतं केलं तिनं. पाळण्यातबी बसली व्हती. कालिकेच्या यात्रेत. म्या व्हते ना संगं."

यादव पाण्याचा जग घेऊन तिथून चालला होता. तो थांबला.

"पाळणेवाल्याला आमी देवीचा हार दिला, तं त्यो म्हणला, बसा मावशी दोघी. पाट्या खाली ठिवल्या अन् बसलो. वर गेलो अन् पाळणा थांबला. म्या डोळं मिटून घेतलेलं. गोजरा आपली डोक्यावर हात फिरवतीया. म्या म्हणलं, काय गं, चक्कर येती का? तं म्हणली, ठके, डोक्यावर काहीच नाय गं आज."

ठकूबाईनं स्वतःच्या डोक्यावरून, पदरावरून हात फिरवून दाखवला.

"अन् हसली. अन् मंग जी रडाया लागली, ती खाली येस्तवर. उतरली, डोळं पुसलं, पाटी घेतली डोक्यावर, अन् चल म्हणली."

यादवनं जग खाली ठेवला. भिकन मांडवाच्या दारातून त्याला हाका मारत होता, महाराजांना निरोप द्यायचा होता. खिशात पेन होतं, हाताशी पांढरा कागद होता. यादवनं दोन्हीला हात लावला नाही. तो ठकूबाईच्या समोर सतरंजीवर मांडी घालून बसला आणि हात मांडीवर ठेवले.

"मावशी," तो तिच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "पुन्हा सांगा."